कोळसा, भुसा आणि दाराखालची फट

माझ्या बाळंतपणाचे दिवस मला आठवतात ते सगळे अर्धवट झोपेतले. कानांत कापूस, त्यावर रुमाल, रुमालावर शाल, आणि त्यातून गाळून येणारे घरातले आवाज. आईच्या बांगड्या, मागच्या अंगणात तापणारं पाणी, गल्लीतून जाणारा सोप्पूवाल्या बाईचा लांबलचक पुकारा. ती पालेभाजी विकायची, पण मला त्या दिवसांत वाटायचं की ती कुणाला तरी शोधते आहे.

‘बंगळूरला कसली आलीय थंडी?’ असं पुण्याची माणसं म्हणतात. माझ्या सासरचेही म्हणायचे. त्यांनी आमच्या घरात डिसेंबर काढलेला नव्हता. बंगळूरच्याच शिवाजीनगरातल्या मागच्या गल्लीतलं ते भाड्याचं घर साहेबाच्या काळातलं. कौलं इतकी उंच की माझ्या लहानपणी वर उडालेला फुगा खाली काढायला शिडी मागवावी लागली होती. साहेबाला उकाड्याचं भय, म्हणून त्याने प्रत्येक भिंतीत वरच्या बाजूला दोरीने उघडायचे-मिटायचे झरोके ठेवले. दोऱ्या माझ्या जन्माआधीच तुटल्या आणि झरोके उघडे राहिले ते राहिलेच. पहाटे धुकं गल्लीत उतरायचं तेव्हा ते आमच्या खोलीतही डोकावून जायचं. लहानपणी मला त्याची गंमत वाटे. नव्वदीच्या सुरुवातीला मी पुण्याहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले आणि त्या झरोक्यांचा मला पहिल्यांदा राग आला.

कारण मुलगी तीन आठवडे आधीच आली. दोन किलोसुद्धा भरली नाही. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट तीनदा सांगितली, “हिला ऊब द्या. गार पडू देऊ नका.” घरी आल्यावर पहिल्याच पहाटे तिचे हात गार लागले, नखं निळसर दिसली. मी तिला पोटाशी घेऊन बसले आणि उजाडेपर्यंत तिच्या बोटांवर फुंकर घालत राहिले. बारसं पुढे ढकललं. ही मुलगी आम्हाला लाभेल की नाही, एवढाच प्रश्न त्या घरात होता, आणि तो कुणीच मोठ्याने विचारत नव्हतं.

विजेचा हीटर आणला तर पहिल्याच दिवशी फ्यूज उडाला. मग राहिली शेगडी. आमच्याकडे बाळंतिणीचं न्हाणं झालं की तिच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकतात, आणि आई-बाळाला शेक देतात. ती कोळशाचीच असायची. आईच्या दृष्टीने यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं.

अण्णांच्या दृष्टीने होतं. माझ्या वडिलांना सगळं घर अण्णाच म्हणायचं. बाजारात त्यांचं बटणं, अस्तर आणि दोऱ्याच्या रिळांचं दुकान होतं, आणि कुठलीही गोष्ट दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. साधी छत्री घ्यायची तरी आठवडा जाई. आई म्हणायची, “लग्नाला हो म्हणायला यांनी किती दिवस घेतले ते विचारू नकोस.”

ते लाकडाच्या वखारीतून भुशाचं पोतं सायकलवर घालून घेऊन आले. अंगणात पत्र्याच्या डब्याला खाली एका बाजूने भोक पाडलं, मधोमध रिकामी बाटली उभी केली, भोवती भुसा ठोकून ठोकून बसवला आणि बाटली अलगद वर ओढून काढली. खालून पेटवल्यावर पहिला अर्धा तास नुसता धूर, मग मात्र दुपारपर्यंत एकसारखी, संथ आच. शिवाय दुकानाजवळच्या एका कारखान्यात भुसाच दाबून केलेल्या मनगटाएवढ्या जाड कांड्या नव्याने मिळू लागल्या होत्या. त्यांचीही पिशवी आली. आईने एक कांडी हातात घेऊन वास घेतला.

“हे जाळायचं की चहात बुडवायचं?”

“स्वल्प थांब,” अण्णा म्हणाले. “बघू तरी.”

दोन दिवस अंगणात एका बाजूला कोळसा, एका बाजूला भुसा, आणि मध्ये स्टुलावर घड्याळ घेऊन अण्णा. मी खिडकीतून ते पाहत असायची. ऊन फिकट, धूर निळा, आणि त्यात बसलेला माझा बाप एखाद्या संथ स्वप्नातल्या परीक्षेचा पर्यवेक्षक असल्यासारखा गंभीर. कोळसा लवकर लाल होतो पण लवकर राख होतो. भुसा टिकतो पण धुरकट. कांड्या दोन्हींच्या मधल्या. हे सगळं ते जेवताना आईला सांगायचे आणि आई त्यांच्या पानात भात वाढत राहायची.

“कोळसा कसा गुणी आहे,” ती म्हणाली. “एकदा फुलला की धूर नाही की काही नाही.”

“त्याचीच मला भीती वाटते. भुसा डोळ्यांत पाणी आणतो, मग माणूस उठून खिडकी उघडतो. कोळसा काही बोलतच नाही.”

शेवटी निकाल मुलीनेच दिला. भुशाची शेगडी चांगली विझत आल्यावर आत आणली, तरी ती शिंकायला आणि कण्हायला लागली. कांड्यांनीही तेच. आईने अण्णांकडे नुसतं पाहिलं.

“सरी, ठीक आहे,” अण्णा म्हणाले. “कोळसा तर कोळसा. पण मग घराचं मी बघतो.”

ते घराचं बघणं मी आयुष्यात विसरणार नाही. दुकानातला खाकी कागद, मैद्याची खळ आणि आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या घेऊन ते टेबलावर स्टूल ठेवून चढायचे. हातात पेटती उदबत्ती. झरोक्याजवळ, फटीजवळ धरायची, धूर जिथे वाकेल तिथे वारा आहे, तिथे कागद नाहीतर पट्टी चिकटवायची. सकाळी दुकान उघडण्याआधी एक तास, असे तीन दिवस. मी बाजेवर पडल्या पडल्या पाहायची. धुराची ती बारीक रेघ भिंतीभिंतीने फिरायची, जणू ते घरालाच ओवाळत होते. चंदनाचा वास, खळीचा वास, पोटाशी लेकीचा इवलासा श्वास. मला वाटायचं की हे असंच चालत राहावं आणि ही झोप कधी पुरती लागू नये, पुरती मोडूही नये.

चौथ्या दिवशी फक्त दाराखालची फट उरली. चांगली दोन बोटं होती. आई म्हणाली, “तेवढं राहिलं.”

“बघतो,” अण्णा म्हणाले, आणि पट्ट्या गुंडाळून ठेवून दिल्या.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. त्या फटीतून वारा सरळ फरशीवरून माझ्या बाजेखाली यायचा. मी मुळातच तापट, त्यात बाळंतीण. मनात म्हटलं, अण्णा सगळा डोंगर चढले आणि पायरीपाशी आळस केला.

त्या सकाळी न्हाऊन झाल्यावर लेकीचे हात पुन्हा गार लागले, म्हणून आईने शेगडी काठोकाठ भरून आणली. दार लोटून घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. मी उठले. बाळंतिणीने उठायचं नसतं, तरी उठले. पायाशी जास्तीची गोधडी होती, तिची वळकटी केली आणि दाराखाली घट्ट बसवली. वारा थांबला. स्वतःवरच खूश होऊन मी येऊन पडले.

आणि काय ती ऊब! त्या घरात मी वीस वर्षं वाढले, पण तशी ऊब कधी अनुभवली नव्हती. निखारे लाल, भिंत लाल, लेकीचे गाल पहिल्यांदाच गुलाबी. तिने रडणं थांबवलं. डोकं जड झालं, पण बाळंतिणीचं डोकं जडच असतं. फुगा वर कौलांशी टेकलेला दिसला. धुक्यात सोप्पूवाली बाई पुकारत होती, आणि आता मला नक्की कळलं की ती मलाच शोधते आहे. तिला ओ द्यावी असं वाटलं, पण जीभ हलेना, आणि त्याचंही काही वाटेना.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दार धडधडल्याचा आवाज. अण्णांच्या धोतराचा सोगा. मग अंगणातली गार, बोचरी, कापणारी हवा, जिच्यापासून आम्ही त्या पोरीला इतके दिवस वाचवत होतो. त्याच हवेत ते तिला वर धरून उभे होते आणि ओरडत होते, “रड, बाळा, रड!” ती रडली. तसं रडणं मी त्यानंतर कधी ऐकलं नाही, आणि इतक्या कृतज्ञतेने काही ऐकलंही नाही.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. कोळशाच्या विषारी वायूचं सगळं समजावून सांगितलं, लेकीला तपासलं, दोन दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं आणि म्हणाल्या की थोडक्यात निभावलं. मी दुपारपर्यंत ओकत होते.

घरी आल्यावर आई अण्णांवर तुटून पडली. “सगळं घर बूच मारल्यासारखं बंद करून ठेवलंत! नातीला कोंडून मारलं असतंत!”

“हो,” अण्णा म्हणाले. “चुकलं माझं. भान राहिलं नाही.”

मी बाजेवर होते, सगळं ऐकत होते. गोधडी नीट घडी होऊन माझ्या पायाशी ठेवलेली होती. आईनेच आवरली असेल, तिला काही कळलं नसेल, असं मी धरून चालले. त्या वेळी बोलायचं त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवशी होतं, पण मी बोलले नाही.

अण्णांनी वरचे दोन झरोके पुन्हा उघडे केले. मग त्यांचा भुसाच कामी आला. शेगडी अंगणातच पेटायची, तिच्यावर विटा तापायच्या, आणि त्या विटा जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्या बाजेच्या दोन्ही अंगांना ठेवल्या जायच्या. विस्तव बाहेर, ऊब आत. संक्रांतीपर्यंत लेक बाळसं धरू लागली आणि बारसं झालं.

पण आईने ती गोष्ट सोडली नाही. पाहुणे आले की चहाबरोबर ती यायचीच, “यांनी एकदा नातीला कोंडलं होतं.” लोक हसायचे. अण्णा मान खाली घालून बशीत चहा ओतायचे. मी दर वेळी त्याच बैठकीत असायची आणि दर वेळी पोह्यांत बोट फिरवत बसायची. मला माझीच लाज वाटायची.

दशक संपता संपता घरमालकाने घर पाडायला काढलं. आई-अण्णांनी शहराच्या कडेला, एचएसआर लेआउटकडे लहानसं घर घेतलं. सामान बांधायला मी लेकीला घेऊन पुण्याहून आले. रिकाम्या खोलीत वर भिंतीला लुगड्याच्या एक-दोन पट्ट्या अजून चिकटलेल्या होत्या. आईने त्या नातीला दाखवल्या आणि तीच गोष्ट सांगितली. माझी लेक आजोबांकडे वळून म्हणाली, “अण्णा, तुम्ही मला मारणार होतात?” आणि खिदळली. अण्णाही हसले, पण त्यांचे हात थांबले होते.

त्या दोघी टेम्पोकडे गेल्यावर मी म्हटलं, “अण्णा, त्या दिवशी दाराखाली गोधडी मी लावली होती.”

ते दोरीची गुंडाळी करत होते. ती पुरी केली.

“ठाऊक आहे. दुकानाला निघताना मी दारापाशी उदबत्ती धरून पाहिली. धूर सरळ वर गेला. तिथे तो वाकायलाच हवा होता, ती फट मी मुद्दाम ठेवली होती. दार ढकललं तर गोधडी आडवी. घडी मीच घातली नंतर.” गुंडाळी बाजूला ठेवून म्हणाले, “फट कशासाठी ठेवलीय ते तुला सांगायला हवं होतं. तेवढी चूक माझीच.”

“मग आईला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू दोन्ही बाजू पाहायची गरज नसलेली ही एकच गोष्ट त्यांना आयुष्यात भेटली होती.

“तुला आई होऊन पंधराच दिवस झाले होते ग,” ते म्हणाले.

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग सवयीने खाली वाकले आणि त्या उद्या पडणाऱ्या घराच्या दाराखाली हात धरून पाहिला. वारा येत होता.