माझ्या जावेला भूतबीत काही लागलेलं नाही

मंडळाच्या बायांनो, जिला वाचता येतं तिने हे बाकीच्यांना वाचून दाखवा.

आज सकाळी सासूबाईंनी घरी भगत आणलेला. माझी धाकटी जाऊ बाळंतपणापासून रडते, मुलाला जवळ घेत नाही. भगताने मिरच्यांची धुरी केली आणि तिचे केस धरले. मी त्याचा हात झटकला.

सासूबाई ओरडल्या, "अगं, भूत आहे ते!"

मी म्हणाले, "कसलं भूत? सटवी मूल नेईल म्हणून तुम्ही हिला रात्ररात्र डोळ्याला डोळा लावू देत नाही!"

जाऊ हळूच म्हणाली, "जाऊबाई, मला माझीच भीती वाटते."

भगताला हाकललं, मूल मी घेतलं, तिला झोपवलं. उद्या तिला ठाकुर्लीहून ठाण्याला मनाच्या डॉक्टरकडे नेणार. लोक वेडी म्हणतील, म्हणू देत. मूल धरायला एक बाई हवी. तुमच्यातली कोण येते?