ओर्लाची आत्या

लीलाताई कामावरून परतल्या की स्वतःच्याच कुलूपबंद दारावर आधी टकटक करीत आणि मग किल्ली लावीत. मस्कतच्या अल हैल भागातल्या त्या व्हिलात, त्यांच्या वरच्या मजल्यावर, आम्ही नव्याने राहायला आलो होतो. वरच्या गॅलरीतून मी हे पाहिलं आणि मला वाटलं, आत कुणीतरी असणार. म्हातारी आई, नाहीतर बहीण. आठवडाभर कुणीच दिसेना, तेव्हा न राहवून मी विचारलं.

"आत कोण असायचं गो?" त्या म्हणाल्या. "पण घर दिवसभर एकटं असतं. एकदम कुलूप काढून आत घुसलं तर दचकेल ना ते."

हे सगळं चेहऱ्यावरची रेषही न हलवता. बाई चेष्टा करताहेत की खरंच सांगताहेत, हे मला पुढे कित्येक महिने कळत नव्हतं.

संगमेश्वरच्या बाजूच्या एका खेड्यातून त्या नर्स होऊन मस्कतला आल्या, त्या इथेच राहिल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही. मदिनत सुलतान काबूसमधल्या एका दवाखान्यात त्या कामाला होत्या. तिथे त्यांना सगळे 'सिस्टर' म्हणत. कोपऱ्यावरचा किराणावाला मल्याळी 'सिस्टर' म्हणे, अर्बाब, म्हणजे घरमालक, 'सिस्टर' म्हणे आणि मीही ताई म्हणायची सवय लागेपर्यंत तेच म्हणत होते. नुसतं 'लीला' म्हणणारी एकच बाई होती, मोरा.

मोरा आयर्लंडची. त्याच दवाखान्यात नर्स, आमच्याच व्हिलाच्या मागच्या खोलीत बिऱ्हाड. उंच, काटकुळी, उन्हाने नाक कायम सोललेलं. गल्लीतल्या सगळ्या मांजरांना ती जेवू घालायची आणि त्यांच्याशी बोलायची ती तिच्या गावाकडच्या भाषेत. पेशंटशी इंग्लिश, दुकानात मोडकंतोडकं अरबी आणि मांजरांशी आयरिश. मला त्याची गंमत वाटे. लीलाताईंना वाटत नसे, कारण त्या स्वतः रोज सकाळी तुळशीच्या कुंडीशी त्यांच्या गावच्या बोलीत गप्पा मारत.

"आम्ही दोघी सारख्याच येड्या," त्या म्हणत. "तिच्या भाषेत बोलायला तिला मांजराशिवाय कोण हाय? आणि मला तुळशीशिवाय?"

"मी आहे की," मी म्हणाले.

"तू पुण्याची. तुझं मराठी म्हणजे रेडिओवरच्या बातम्या. ऐकायला बरं वाटतं, पण उत्तर द्यावंसं वाटत नाय."

मोराची एक पद्धत होती. मांजराचा स्वभाव कळेपर्यंत ती त्याचं नाव ठेवत नसे. शेवटचं पिल्लू तिने ऐन उन्हाळ्यात एका उभ्या गाडीच्या खालून काढलं होतं, वाळूच्या रंगाचं, मुठीएवढं. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला मोठं दुखणं असल्याचं निदान झालं आणि ती उपचारांसाठी मायदेशी निघाली. पिल्लू लीलाताईंच्या हातात देत म्हणाली, "परत आले की नाव ठेवते. तोवर तू घाई करू नकोस."

ती परत आली नाही. तिच्या भावाचा फोन लीलाताईंना दवाखान्यातच आला. ड्युटी संपवून त्या नेहमीच्या वेळी घरी आल्या, दारावर टकटक केली आणि आतून पिल्लू ओरडलं. मी गॅलरीतून पाहत होते. किल्ली हातात तशीच धरून त्या पायरीवर बसल्या. मी खाली धावले. इकडून व्हिसा काढून तिकडे पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असणार, एवढं त्या मला शांतपणे समजावून सांगत होत्या. रडत मीच होते.

पुढे बरेच महिने ते मांजर बिननावाचं राहिलं. 'ती जेवली', 'ती बाहेर गेली', एवढ्यावर चाललं होतं. नाव ठेवलं की मोरा गेली हे मान्य करावं लागणार होतं. मला हे दिसत होतं, तरी एकदा मी म्हणून बसले, "मनी ठेवा ना."

"अर्ध्या कोकणातल्या मांजरी मनी. नको."

"मग मोरा ठेवा."

यावर मात्र त्या चिडल्या. "माणूस गेलं म्हणून त्याचं नाव मांजराच्या गळ्यात बांधायचं? ती काय म्हणेल?" मग जरा वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "नाव तिच्या भाषेतलं हवं. या गल्लीत ती भाषा बोलणारं कुणी उरलं नाय. एक शब्द तरी राहू दे."

झालं, शोध सुरू झाला. मोराचा भाऊ तिकडे शेतावर एकटाच राहत होता. त्याला लीलाताईंनी नावं विचारली, तर तो लिहून पाठवायच्या ऐवजी एकेक नाव सावकाश उच्चारून, अर्थासकट, आवाजी निरोप धाडू लागला. बहीण गेल्यावर त्यालाही बोलायला कुणी नसावं, कारण एका नावामागे पाच मिनिटं तो पाऊस, गाई आणि गुडघेदुखी सांगत असे. लीलाताई सगळं ऐकून घेत आणि त्याच्या गुडघ्यासाठी तेल सुचवत.

आलेल्या नावाची परीक्षा संध्याकाळी मगरिबची अजान झाल्यावर व्हायची. फाटकाशी उभं राहून त्या ते नाव मोठ्याने हाकारून बघत. मी वरून ऐकायची. 'फिओना' नापास झाली, कारण ती मुख्याध्यापिका वाटते. 'ब्रिजिट' अर्ध्या वाटेतच अडकतं. 'निव्ह' फारच आखूड, तोंडातून निघायच्या आत संपतं.

"नावाला शेपूट हवं," त्या म्हणत. "शेवटी लांबवता आलं पाहिजे. हाक पार मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत गेली पाहिजे."

मग एक दिवस त्यांनी 'ओर्लाऽऽ' अशी हाक घातली. भाऊ म्हणाला होता, अर्थ सोन्यासारखी. मांजर तर भिंतीवरच बसलेलं होतं, त्याने मानही वळवली नाही. पण लीलाताईंनी पुन्हा हाक मारली, आणि पुन्हा. इतक्या वर्षांत त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. वर बघून मला म्हणाल्या, "कित्येक वर्षांत घरातल्या कुणाला अशी हाक मारली नव्हती गो. आपलाच आवाज ओळखीचा वाटेना."

नाव ठरलं. आता मला वाटलं, सुटलो. तर बाईंनी नवीनच घोळ घातला. नाव ठेवायचं तर बारसं करायचं, बारसं करायचं तर कानात नाव सांगायला आत्या हवी. "मोरा हिची आई. म्हणजे मी मावशी. मावशीला नाव ठेवायचा मान नाय. आत्या कुठून आणू?"

आधी मी हसले. मग त्यांनी सांगितलं ते ऐकून हसू गेलं. त्यांच्या गावाकडच्या भावाला तीन मुलं. तिन्ही बारशांना सुट्टी मिळाली नव्हती. प्रत्येक वेळी फोनवरून त्यांनी नाव सुचवलं आणि प्रत्येक वेळी तिकडे दुसरंच ठेवलं गेलं. कानात 'कुर्र' करायला शेजारची कुणी उभी केली. आत्या म्हणून पाठीत धपाटे खायचे असतात तेही तिनेच खाल्ले. "तीन भाच्यांची आत्या हाय मी," त्या म्हणाल्या, "पण माझी पाठ कोरी."

मी पुण्याची असले तरी वाद घालण्यात कोकणातल्या माणसापुढे हार जात नाही. म्हणाले, "मोराला आई कशाला धरता? पिल्लाला गाडीखालून काढलं तिने, खाऊ आणला तिने, डॉक्टरकडे नेलं तिने. ती बाप. आणि ती तुम्हाला बहीण मानायची. बापाची बहीण कोण?"

त्या तुळशीकडे वळल्या. तुळशीच्या कुंडीतलं एक वाळकं पान काढलं. "तू वकील व्हायची होतीस," एवढंच म्हणाल्या.

शुक्रवारी बारसं झालं. कपड्यांच्या प्लॅस्टिकच्या टोपलीत जुनी साडी घालून पाळणा केला. घुगऱ्यांसाठी हरभरे भिजवायचे राहून गेले, म्हणून माझ्या नवऱ्याने रस्त्यावरून दंगो आणला. दंगो म्हणजे ओमानी लोकांचे उकडलेले, तिखटमीठ लावलेले हरभरे. त्याला घुगऱ्या म्हणायला कुणाची हरकत नव्हती. फोनच्या पडद्यावर मोराचा भाऊ होता, टाय लावून बसलेला. मांजराने टोपलीत क्षणभरही बसायला नकार दिला, तेव्हा लीलाताईंनी तिला मांडीवर दाबून धरलं, कानाशी तोंड नेलं आणि 'कुर्रर्र' करून नाव सांगितलं.

मी त्यांच्या पाठीत धपाटा घातला. नेहमी घालतात तसा, हलका.

"जोरात घाल," त्या वाकलेल्या तशाच म्हणाल्या. "तिघांचे राहिलेत."

मी घातले. शेवटच्या धपाट्याला त्यांची पाठ हलायला लागली. मोराच्या बातमीच्या दिवशी आलं नव्हतं ते रडू त्यांना तेव्हा आलं. मोराच्या भावाला फोनवर काय चाललंय ते कळेना, पण त्याने टाय सैल केला आणि तोही डोळे पुसू लागला.

पुढच्या वर्षी लीलाताईंची नोकरी संपली. नोकरी संपली की इथे राहता येत नाही. धाकट्या भाच्याने मायेने बोलावलं, पण म्हणाला, "आत्या, घरात तान्हं बाळ आहे, मांजर नको." त्यांनी वाद घातला नाही. निघताना ओर्ला माझ्या ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "हाक मारताना शेपूट लांबव. आणि नुसतं नाव घेऊ नको. 'ये गो बाय' म्हण पुढे. तिला तशी सवय हाय."

तिकडून दर शुक्रवारी त्यांचा फोन यायचा. "स्पीकर लाव," म्हणायच्या आणि हाक मारायच्या. ओर्ला फोनकडे ढुंकूनही पाहत नसे. उठून खाली जायची आणि त्यांच्या बंद दाराशी बसायची. मी त्यांना ते सांगितलं नाही. म्हणायचे, "इथेच आहे, कान टवकारलेत." गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी फोन आला तो भाच्याचा होता. आत्या झोपेतच गेली, म्हणाला.

माझी मुलं शिकायला कॅनडात आहेत. नवरा गाला भागातल्या ऑफिसमधून उशिरा येतो. लीलाताईंची खालची खोली अजून रिकामीच आहे. मगरिबची अजान झाली की ओर्ला त्या दाराशी जाऊन बसते. मी खाली उतरते, दारावर टकटक करते, थोडी थांबते आणि मग फाटकाशी जाऊन हाक मारते, "ओर्लाऽऽ, ये गो बाय." त्यातली एक भाषा मोराची, एक लीलाताईंची. मला दोन्ही येत नाहीत. पण आता त्या बोलणारी गल्लीत मीच उरले आहे, म्हणून आवाज मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत जाईल एवढा मोठा काढते.