मागचा पडदा

दर रविवारी अकरा वाजता मुलीचा बंगळुरूहून व्हिडिओ कॉल येतो आणि हल्ली दहाव्या मिनिटाच्या आसपास तिचं चित्र गोठतं. मी वायफायवर संशय घेतला. राउटर कपाटावरून काढून खिडकीत ठेवला. शेजारी कोणी वापरत असेल म्हणून पासवर्ड बदलला. चार रविवार वेग मोजला. आकडा पन्नासाच्या खाली एकदाही आला नाही. दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला, "काका, लाइन ठणठणीत आहे. उगाच तिच्यावर आळ घेताय."

परवा मी मुलीला विचारलं, "त्या स्थळाचं काय ठरवलंस?" आणि चित्र गोठलं. तोंड अर्धवट उघडं, नजर बाजूला. पण तिच्या मागे खिडकीचा पडदा वाऱ्यानं मजेत हलत होता.

मी त्या पडद्याकडे बघत राहिलो. यंत्रावर संशय घेणं सोपं असतं, ते उलटून बोलत नाही. पोटच्या मुलीवर घ्यायचा, तर आधी आपण तिला काय आणि किती वेळा विचारतो, हे तपासावं लागतं. ते मी कधी मोजलं नव्हतं.

"गेलं वाटतं नेट," शेजारी बसलेली बायको म्हणाली. "तुम्हीच काहीतरी खुडबुड केली असणार."

"हो, मीच केली," मी म्हणालो. मग फोन जरा जवळ घेऊन सावकाश बोललो, "बाळा, तुला नको असेल तर मी त्यांना आजच नाही म्हणून कळवतो."

चित्र तसंच गोठलेलं राहिलं. फक्त त्याचे डोळे हळूहळू भरून आले.