सुचिताच्या पेटीतला हिंग

सुचिता म्हात्रेच्या नाकाला तळोज्यात मान आहे. जिथे शंभर कारखाने शंभर तऱ्हेचे वास सोडतात तिथे कुणाचं नाक शाबूत राहावं हेच मुळात नवल. पण नंदकिशोरशेठच्या हिंगाच्या कारखान्यात पोतं फुटलं की पहिली हाक सुचिताला जाते. ती खडा चिमटीत धरते, डोळे मिटते आणि निकाल देते, "चालंल," नाहीतर, "यान डिंक घातलाय कोनीतरी." मग शेठ व्यापाऱ्याशी भांडायला मोकळे. अठरा वर्षांत हे नाक एकदाही खोटं पडलं नव्हतं.

पडलं ते शकिबामुळे. दोन वर्षांपूर्वी ही अफगाणी बाई पॅकिंगला लागली. पंधरा दिवस तोंडातून शब्द नाही. आणि एके दिवशी सुचिताने पोतं पास केलं, तर मागून आवाज आला, "दीदी, माल अच्छा है, पर दो घाटियों का मिला हुआ है." सुचिताच्या अंगाचा तिळपापड झाला. शेठनी व्यापाऱ्याला फोन लावला तेव्हा त्याने मुकाट कबूल केलं. सुचिताने दोन दिवस जेवणाचा डबा लांब बसून खाल्ला. तिसऱ्या दिवशी तांदळाची भाकरी आणि सुकट घेऊन शकिबाच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "कोन गं तू? खरं सांग."

खरं असं होतं की शकिबा शास्त्रज्ञ होती. हिंगाच्या झाडावरच तिची डॉक्टरेट. डोंगरात विद्यापीठाचा मळा होता, तिथे तिने स्वतः हिंग लावला होता; त्याचं मूळ जून झालं की मगच ते कापून चीक काढायचा. मग राजवट बदलली, बायकांना विद्यापीठाचं दार बंद झालं. शकिबा घरी मुलींना शिकवत राहिली, वर या बंदीविरुद्ध लिहिलंही. तिला धरायला माणसं आली त्याच्या आदल्या दिवशी ती एक पिशवी घेऊन निघाली. पदव्या, वह्या, सगळं तिकडेच. ज्या हिंगावर प्रबंध लिहिला त्याच हिंगाच्या डब्यांना ती इथे लेबलं चिकटवत होती, आणि कुणी तिला हिंग लावूनही विचारत नव्हतं.

मराठी ती सुचिताकडून शिकली, बोलायला आणि वाचायलाही. त्यामुळे काबूलची ही विदुषी बेधडक "काय हाय?" म्हणते.

यंदाच्या एका शुक्रवारी तिने जेवणाचा डबाच उघडला नाही. सुचिताने खोदून विचारलं तेव्हा कळलं की वाशीच्या एका प्रयोगशाळेतल्या डॉ. अस्मिता राजाध्यक्ष तिला नोकरीवर घ्यायला तयार होत्या. पण पदवीचा कागद नाही, तेव्हा काम तरी सिद्ध करून दाखवा, म्हणाल्या. वेगवेगळ्या खोऱ्यांतले, वेगवेगळ्या वर्षांचे हिंगाचे नमुने आणा. सोमवारपर्यंत. पॅकिंगच्या कामावर व्हिसा वाढत नव्हता, ही नोकरी नसेल तर व्हिसा नाही, आणि व्हिसा महिनाअखेरीस संपत होता.

"मंग?"

"मंग परत."

परत म्हणजे कुठे, हे तिला आता माहीत होतं. मग एकदम तिने हातातली भाकरी खाली ठेवली.

"नमुना म्हंजे किती? चिमूटभर चालंल?"

"चिमूट खूप हाय."

"मंग संध्याकाली घरी चल."

सुचिताच्या घरी मागच्या पडवीत पत्र्याची एक पेटी आहे. तिच्या वासापायी नवरा देवजी त्या बाजूला फिरकत नाही. कामाला लागली तेव्हा जुन्या शहाजी मुकादमाने तिला सांगितलं होतं, नाक विसरतं, प्रत्येक मालाची चिमूट जपून ठेव. सुचिताने ठेवली. काचेच्या एकसष्ट छोट्या बरण्या. झाकणाला फडकं, आणि फडक्याला त्याच पोत्यावरची कापडी पट्टी बांधलेली. पट्टीवर काही तरी वळणदार लिहिलेलं असे. वाचता येत नसे, पण गाठ चांगली बसे.

शकिबाने घाईघाईने बरण्यांवर सुचिताने चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचायला घेतल्या आणि तिचा चेहरा पडला. त्यांवर होतं, फ्रीज आला. सासूबाई गेल्या. कुंदनचा पाय मोडला.

"ताय, हे साल नाय."

"साल नाय कसं?" सुचिता उसळली. "फ्रीज आमचे पोराचे, कुंदनचे धाव्वीचे परीक्षेला आला. दोन हजार सोला. इचार देवजीला."

देवजीने पडवीबाहेरूनच होकार भरला. आणि तेवढ्यात शकिबाने पट्टी उलटून पाहिली. ती वळणदार लिपी तिच्या भाषेची होती, लहानपणी गिरवलेली. पट्टीवर गावाचं नाव होतं, खोऱ्याचं नाव होतं.

मग काय विचारता! एक पट्टी वाचतेय, दुसरी साल सांगतेय. "बदख्शान!" "सासूबाय गेल्या, दोन हजार एकोनीस!" देवजीने तीनदा चहा केला आणि तिन्ही वेळा तो थंड झाला. शेजारच्या जाईबाई भांडण लागलं समजून सोडवायला आल्या.

एका बरणीपाशी शकिबा थांबली. चिठ्ठीवर होतं, श्रुतीचं बारसं, आणि खाली, कच्चा कापलाय बिचारा. श्रुती म्हणजे सुचिताची नात. तिचं बारसं झालं शकिबा कामाला लागायच्या दोनच महिने आधी. या बरणीची पट्टी कापडी नव्हती, जाड कागदाची होती, शाईने लिहिलेली.

"माजं अक्षर हाय," शकिबा म्हणाली. "वाफा सात. चौदाशे चारच्या आधी कापू नये."

"चौदाशे चार कंदी?"

"आमचं साल. हे चालू हाय ते."

तिचा मळा नव्या राजवटीच्या माणसांनी कोवळाच कापून विकला होता. विकता विकता तो इथवर आला होता आणि सुचिताच्या नाकाने त्याची कीव केली होती. शकिबा रडली. सुचिताने तिला जवळ घेतलं आणि तीही रडली.

सोमवारी दोघी बसने वाशीला गेल्या. राजाध्यक्षबाई भल्या, पण कडक. सगळ्या बरण्या पाहिल्या, सातव्या वाफ्याची कागदी पट्टीही पाहिली आणि म्हणाल्या, "पट्टी कुणीही लिहू शकतं."

शकिबाने फळ्याकडचा पेन मागितला. कोवळ्या मुळाच्या हिंगात गंधकाची कुठली द्रव्यं किती निघतील, याचे चार आकडे तिने आठवणीतून लिहिले. मग सातव्या वाफ्याची चिमूट यंत्रात गेली. चाळीस मिनिटं. सुचिताने तेवढ्यात गावच्या मावलीदेवीला नवस बोलून टाकला, बोकडाचा, देवजीला न विचारता.

कागद बाहेर आला. बाईंनी कागद पाहिला, फळा पाहिला, पुन्हा कागद पाहिला.

"डॉक्टर शकिबा," त्या म्हणाल्या, "तुमचं व्हिसाचं पत्र मी आजच करते. आणि नोंदीत नमुने कुणी गोळा केले म्हणून लिहू?"

शकिबाने उत्तर द्यायच्या आधी सुचिताकडे बोटच दाखवलं. सुचिताने पदर सावरला.

पुढच्या आठवड्यात कारखान्यात नवीन माल आला. पोतं फुटलं, सुचिताने एकटीनेच वास घेतला, पास केला आणि चिमूट घरी आणली. बरणी भरली, पट्टी बांधली आणि चिठ्ठी लिहायला बसली. देवजीने लांबूनच विचारलं, "यंदाचं काय लिवतंस?"

तिने लिहिलं, शकिबा इथंच राहिली.