सुईखालचा हात

दम लागून दवाखान्यात पडलेल्या बाबांच्या हातावर निळे डाग उठलेत. काल डॉक्टरकी शिकणाऱ्या एका मुलीनं रक्त काढायला तीनदा सुई टोचली. बाबा धापा टाकत म्हणाले, "घाबरू नकोस पोरी, टोच परत. नाहीतर शिकशील कशी?" डॉक्टरांचा हात बसतो तो अशाच परक्या हातांवर.

आज व्हरांड्यात सिस्टर डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांना फ्लूची लस देत होत्या. तीच मुलगी हसत पुढे निघाली. "नको सिस्टर, हात दुखतो. आणि फ्लूनं मला काय होणार आहे?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तुला नाहीच काही होणार, बाई! पण शिंकत-खोकत तू ज्यांच्यावर वाकतेस, त्यांचं काय?

ती वॉर्डात आली. तिला पाहताच बाबांनी आपण होऊन बाही वर सारली.