कोजागिरीला म्हैस गडावर

म्हैस घेऊन रात्री पन्हाळा चढलेली बाई तुम्ही पाहिली नसेल, तर ती मी. आता गुडघे कुरकुरतात आणि जिना चढताना मी दोनदा थांबते, पण ही गोष्ट सांगताना माझी मान आजही ताठ होते. कुणी हसलं तर खुशाल हसू दे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते. मंगळवार पेठेत आमच्या सहा म्हशी होत्या आणि रात्री आठच्या सुमाराला त्यातली एक-दोन जनावरं घेऊन आबा, म्हणजे माझे वडील, कट्ट्यावर जायचे. कोल्हापूर न पाहिलेल्यांसाठी सांगते, कट्टा म्हणजे रस्त्याकडेची मोकळी जागा. तिथं म्हैस उभी, गिऱ्हाईक उभं आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत त्याच्या पेल्यात धार. कोमट दूध, वर चार बोटं फेस. तालमीतले पैलवान एका दमात पेला संपवायचे, मिशीवरचा फेस पुसायचे आणि कुठल्या मैदानात कुणाची पाठ लागली यावरून भांडायला लागायचे. सायकलच्या घंट्या, पितळी पेल्यांचा खणखणाट, त्यात हा आरडाओरडा. बायका तिथं उभ्या राहून दूध पीत नसत. मी आबांना म्हशीपुढं ठेवायची आंबोणाची पाटी द्यायचे, मोकळी चरवी घ्यायचे आणि घरी परत यायचे.

आबांचं सगळं नाव त्या ‘डोळ्यांदेखत’वर उभं होतं. तीस वर्षांत त्यांच्या दुधात कुणी पाणी काढलं नव्हतं. ते पहिल्यांदा काढलं एका कोजागिरीनं.

आमच्या पेठेतली दहा-बारा माणसं दर कोजागिरीला रात्री चालत पन्हाळा चढायची आणि चांदण्यात दूध आटवून प्यायची. म्होरके होते आमचे टेलरचाचा. आवाज इतका मऊ की माप घेताना गिऱ्हाइकाला कान पुढं करावा लागे. सोबत शाळेतले एक मास्तर आणि त्यांच्या बाई, तालमीतले एक पैलवान आणि बाकी गल्लीतली हौशी मंडळी. दूध आमच्याकडचं, ते न्यायची किटली मंडळींची. त्या वर्षी गडावर चूल पेटवली, दूध उकळायला ठेवलं आणि ते फाटलं. पैलवान लगेच म्हणाले, आबांनी म्हशीऐवजी पंचगंगाच पिळली वाटतं. सगळे हसले. गड उतरेपर्यंत तो विनोद पेठभर पोचला.

पाणी घातलेलं दूध पातळ होतं, फाटत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. आबांनी ते चारचौघांत सांगितलंही. पण विनोद चवदार असला की खरं कोण ऐकतं? वर्षभर कट्ट्यावर रोज कुणी ना कुणी पेला दिव्याकडं धरून म्हणायचं, बघू, पंचगंगेला पाणी किती आलंय. आबा हसल्यासारखं करायचे. घरी आल्यावर ताटावर बसून नुसता भात चिवडायचे. मला त्या पैलवानांचा असा राग यायचा की त्यांचा पेला विसळताना मी तो मुद्दाम आपटायचे.

दुसऱ्या वर्षी कोजागिरी जवळ आली तसे चाचा दूध सांगायला आले. बिचारे पायरीवर संकोचून उभे होते. आबा म्हणाले, “दूध देत न्हाई. म्हस देतो. वर न्यायची, सगळ्यांच्या म्होरं पिळायची. मग बघू कोण बोलतंय.”

पन्हाळ्यावर दूध मिळत नव्हतं असं नाही. वर वस्ती आहे, म्हशी आहेत. पण त्या दुधानं आबांचं नाव कसं परत येणार?

म्हैस निवडली ती आमची सगळ्यात शहाणी. तिचं नाव सांगत नाही, कारण त्याच नावाच्या एक बाई आमच्या गल्लीत राहायच्या आणि त्यावरून एकदा भांडण होऊन गेलं होतं. तिचं रेडकू मोठं झालं होतं, तरी ती कट्ट्यावर पाच मिनिटांत पान्हा सोडायची. तिला आबांचा हात चालायचा किंवा माझा. तिसऱ्या माणसाला ती लाथ द्यायची.

आदल्या दिवशी आबा तिला सावकाश चालवत गडाच्या पायथ्याला, आमच्या नात्यातल्या पाहुण्यांच्या खळ्यावर घेऊन गेले. एवढं चालून त्यांचा जुना दुखरा गुडघा सुजला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि आत्ती, म्हणजे आबांची बहीण, मंडळींबरोबर तिथं पोचलो, तर आबा पाय पसरून बसलेले. उठताही येईना. मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. पैलवान काहीतरी बोलणार, एवढ्यात मी दावं सोडलं.

“मी नेतो तिला,” मी म्हणाले. आमच्याकडं बायकाही ‘नेतो, येतो’च म्हणतात.

आबांनी माझ्याकडं पाहिलं. “धार बारा वाजता काढायची हाय. नेहमीच्या वक्तापरास तीन-चार तास उशीर. न्हाई पान्हवली तर कास सुजंल, आणि लोक म्हणतील दूधच नव्हतं. जमंल?”

जमेल म्हणाले. आणि दावं मनगटाला गुंडाळलं.

पाऊस सरून थोडेच दिवस झाले होते. पायवाटेवर दोन्ही बाजूंनी कमरेएवढं गवत आणि चांदणं इतकं पिठूर की चाचांनी कंदील विझवून टाकला. पुढं चाचा, मागं मंडळी, मध्ये मी आणि म्हैस. तिची शिंगं चांदण्यात चकाकत होती. दगड आला की ती थांबायची, नाक लावून हुंगायची आणि मग नेमक्या जागी पाय ठेवायची. मास्तर दोनदा घसरले, पैलवान एकदा. म्हैस एकदाही नाही. आत्ती मागून म्हणाली, चार पायांचं बरं असतंय. मला हसू फुटलं.

निम्म्या वाटेवर एक डबकं लागलं, पावसाच्या पाण्यानं भरलेलं. म्हैस आणि पाणी, आणखी काय सांगू? ती सरळ आत गेली आणि बसली. पाण्यात चंद्र होता, त्याच्यावरच बसली म्हणा. दावं ओढलं, चुचकारलं, शिव्या दिल्या. ती डोळे मिटून रवंथ करत राहिली. पाऊण तास आम्ही काठावर उकिडवे बसलो होतो. मग तिच्या मनात आलं तशी ती उठली, बाहेर आली आणि पैलवानांच्या शेजारी उभं राहून तिनं शेपटी झाडली. त्यांचा परीटघडीचा सदरा चिखलानं भरला. मी तिला मनातल्या मनात शाबासकी दिली.

वर तटाच्या कडेला मोकळ्या जागेत पोचलो तेव्हा चंद्र अगदी डोक्यावर आला होता. खाली सगळा मुलूख दुधात बुडवल्यासारखा दिसत होता. पायथ्याच्या वस्तीतला एखादा दिवा मिणमिणत होता. गार वारा सुटला होता. माणसं गप्प झाली. असं काही पाहिलं की कोल्हापूरकरसुद्धा गप्प होतो, हे मला त्या रात्री कळलं.

आत्तीनं चूल मांडली. मी आंबोणाची पाटी पुढं ठेवली, कास धुतली, चरवी गुडघ्यात धरून बसले. सड ओढले. काही नाही. परत कास चोळली, पाठीवरून हात फिरवला, आबा म्हणतात तसं पुटपुटले. एक थेंब नाही. कास दगडासारखी टणक लागत होती आणि म्हैस कान टवकारून इकडंतिकडं बघत होती. मंडळी गोल करून, श्वास रोखून उभी होती. इतकी शांतता की चुलीतलं लाकूड तडकलेलं ऐकू येत होतं. हात भरून आले. डोळ्यांत पाणी आलं, ते मी तिच्या पोटाला डोकं टेकवून लपवलं. खाली आबा बसलेत आणि मी रिकामी चरवी घेऊन उतरणार.

डोकं टेकवलं तेव्हा कळलं, ती थरथरत होती. घाबरली होती. कशाला? जंगल नाही, वाघ नाही. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ही शांतता! आयुष्यभर या म्हशीनं धार दिली ती कट्ट्यावरच्या कालव्यात, त्या आरडाओरड्यात. इतक्या गप्प माणसांत ती कधी उभीच राहिली नव्हती.

“गप का उभारलाय सगळी?” मी ओरडले. “भांडा की.”

चाचांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. मी सांगितलं, कट्ट्यावर असतो तसा दंगा करा. पितळी पेले आपटा. कुस्तीवरून भांडा, कशावरूनही भांडा. मंडळींनी सुरुवात केली, पण मागितल्यावर भांडण कुठलं यायला? मास्तर पुस्तकातलं वाचल्यासारखं भांडत होते. खरा आवाज निघाला तो आमच्या चाचांचा. कोणत्या तरी जुन्या कुस्तीचा निकाल चुकीचा होता म्हणून ते असे गरजले की मास्तरांच्या बाई दचकल्या. इतकी वर्षं हा आवाज त्यांनी कुठं ठेवला होता कोण जाणे. म्हशीचा कान हलला. थरथर कमी झाली. पण धार अजून नव्हती.

तेव्हा मी पैलवानांकडं वळले. मी लटकं भांडणार नव्हते.

“गेल्या वर्षी किटली कुणाची होती?” मी विचारलं. सड हातातच होते. “माझ्या बापाला वर्षभर हसलासा. दूध आमचं होतं, किटली कुणाची होती?”

ते आधी म्हणाले, त्याचा आत्ता काय संबंध? मी आवाज चढवला. त्यांनी चढवला. चाचा मध्ये पडले, त्यांनाही मी सोडलं नाही. पेले खणखणत होते, सगळे एकदम बोलत होते, आणि त्या गलक्यात पैलवानांचा तालीम घुमवणारा आवाज फुटला.

“आमची हुती. ताकाची किटली हुती. आईनं मागनं सांगितलं मला. बास?”

आणि माझ्या बोटांना सड भरलेले लागले. पहिली धार चरवीच्या तळाला वाजली, मग दुसरी, मग हाताला उसंत नाही. मी रडत होते, हसत होते आणि पिळत होते. फेस चरवीच्या काठावर आला तेव्हा चाचांनी दोन्ही हात वर केले आणि सगळ्या मंडळींनी गड दणाणून सोडला. दूध उकळलं, वर आलं, साय धरली. फाटलं नाही. पैलवानांनी मान खाली घालून पेला पुढं केला. मी त्यांना काठोकाठ भरून दिला. जिंकल्यावर कंजूषपणा कशाला करायचा?

उजाडताना खाली उतरलो. आबा जागेच होते. त्यांनी आधी कास दाबून पाहिली. मग म्हणाले, “मध्यरात्री वर कालवा ऐकला. तवाच म्हटलं, धार लागली.”

पैलवान पुढं आले आणि त्यांनी किटलीचं सांगून टाकलं. आबांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. “हितं ऐकायला कोण हाय?” ते म्हणाले. “कट्ट्यावर येऊन सांग.”

म्हैस चार दिवस तिथंच विसावली आणि पाचव्या रात्री कट्ट्यावर उभी राहिली. पैलवान ती किटली हातात घेऊन आले आणि त्यांनी सगळ्या पेठेसमोर, त्याच आवाजात, सगळं सांगितलं. ते बोलायला लागले आणि म्हैस तिथल्या तिथं पान्हवली. आबांनी पहिला पेला भरला. गिऱ्हाइकं हात पुढं करून उभी होती. आबांनी तो माझ्या हातात दिला. मी तिथंच, सगळ्यांदेखत, उभ्यानं प्यायले आणि ओठांवरचा फेस पुसला.