रंग उतरी ऱ्हायना

आमच्या सुरतच्या पांडेसऱ्यातल्या मराठी मंडळाच्या चिटणीसांनी मला गाठलं आणि म्हणाले, "भास्करराव, आपल्या वस्तीतून जर्मनीला जाऊन आलेले तुम्ही पहिलेच. तिकडची श्रीमंत शहरं, ती कोणत्या धंद्यांवर श्रीमंत झाली, यावर अंकासाठी छानसं काहीतरी लिहा." लिहितो. छान होईल असं मात्र सांगत नाही, कारण परत येऊन तीन महिने झाले तरी माझं डोकं ठिकाणावर आलेलं नाही.

मी रंगमास्तर. मिलमध्ये कापडाला रंग देणारं खातं माझ्याकडे आहे. प्लेगनंतर सुरत धुऊन पुसून लख्ख झाली, त्याच सुमाराला हे सुरू झालं. आमचे मिलमालक रमणिकशेठ यांनी रेयॉनचे स्कार्फ जर्मनीला पाठवले होते, तो सगळा माल परत आला. त्या देशानं काही जुन्या रंगांवर बंदी घातली होती आणि तेच रंग आमच्या मालात निघाले. बंदी का घातली, हे शेठनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. श्रीमंतांचे चोचले, असं म्हणून आम्ही मोकळे झालो. मग तिकडच्या एका रंगाच्या कंपनीनं शेठला नवे रंग बघायला बोलावलं. शेठला रंगातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून सोबत मी.

निघायच्या दिवशी सकाळी अक्काकडे गेलो. अक्का माझी मोठी बहीण. तिचे यजमान उत्तमराव, म्हणजे आमचे दाजी, यांनीच मला खानदेशातल्या पारोळ्याहून सुरतेला आणलं आणि रंगकामात घातलं; तेही माझ्याच खात्यात कामाला. अक्कानं दशम्या आणि लाल तिखट शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, आणि पदराला हात पुसत म्हणाली, "भाऊ, यास्ले काहीतरी सांग. आठ रोज व्हयनात, लघवी लाल व्हई ऱ्हायनी." (यांना काहीतरी सांग. आठ दिवस झाले, लघवी लाल होतेय.)

दाजी उंबऱ्यात बसून चहा पीत होते. कोपरापर्यंत हात काळे, नखं जांभळी. म्हणाले, "काही नही रे. रंग उतरी ऱ्हायना." (रंग उतरतोय.)

मिलबाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. आमच्या खात्यात हा सगळ्यात जुना विनोद आहे. लाल रंगाची पाळी असली की थुंकी लाल, निळ्याची असली की रुमाल निळा, आणि लघवीचंही तसंच. मुतारीत उभं राहून आम्ही एकमेकांना विचारतो, "आज कोणता शेड?" तेव्हा मीही हसलो आणि म्हणालो, "दाजी, शेड पक्का दिसत नाही." दाजी खो खो हसले. अक्का हसली नाही.

फ्रांकफुर्टच्या विमानतळावर कस्टमवाल्यानं माझी पिशवी उघडली आणि चटणीचा डबा नाकाशी नेऊन लगेच लांब धरला. ही लाल पूड कसली, असं तो हातवाऱ्यांनी विचारू लागला. मी बोट बुडवलं आणि जिभेला लावून दाखवलं. तो हसला, डबा परत दिला. आपली जीभ कुठेही चालते, असं मला उगाच वाटून गेलं.

बाहेर उर्सुला नावाची बाई आमची वाट बघत उभी होती. कंपनीची दुभाषी. ती विद्यापीठात हिंदी शिकलेली होती, त्यामुळे तिचं हिंदी पाठ्यपुस्तकातलं. "श्रीमान भास्कर, क्या आपकी यात्रा सुखद रही?" असं तिनं विचारलं तेव्हा शेठ माझ्या कानात म्हणाले, "आ तो रामायण बोले छे." (ही तर रामायण बोलतेय.) पण बाई मनानं सरळ होती.

फ्रांकफुर्ट हे बँकांचं शहर. काचेच्या इमारती इतक्या उंच की वर बघताना माझी टोपी पडली. उर्सुला म्हणाली, इथे शेकडो वर्षं जत्रा भरत आल्या, व्यापारी आले, त्यांच्यामागून सावकार आले. इतका पैसा असलेल्या गावात मला कुठे गलका ऐकू आला नाही, कुठे कोणी घाम पुसताना दिसलं नाही. जेवायला उकडलेले बटाटे आणि आंबट कोबी. शेठनी स्वतःचे थेपले काढले, मी दशमी काढली, आणि हॉटेलवाला तोंड वाकडं करून बघत राहिला.

रविवारी शेठच्या हट्टापायी श्टुटगार्टला गेलो, मोटारी बघायला. तिथे टेकड्यांवर द्राक्षाचे मळे आणि खाली मोटारींचे कारखाने. गल्लीबोळांत लहान लहान कारखाने आहेत, कुणी नुसता स्क्रू करतो, कुणी नुसती झडप, आणि तीन पिढ्या तेच करतात. शेठनी एका चकचकीत गाडीला टेकून माझ्याकडून फोटो काढून घेतले. मला फुटपाथवरून चालत घरी जाणारे दोन कामगार दिसले. त्यांचे हात स्वच्छ होते. मी माझे खिशात घातले.

तिसऱ्या दिवशी ऱ्हाईन नदीच्या काठच्या त्या कारखान्यात पोहोचलो. नाव लिहीत नाही. कारखाना कसला, गावच म्हणा, आत स्वतःची आगगाडी. हे शहर रंगावर उभं राहिलं. डांबरातून रंग काढायची विद्या इथल्या लोकांनी हातात घेतली, त्यातून पुढे औषधं निघाली, खतं निघाली, आणि नदीकाठी एकामागून एक धुराडी आणि बंगले उठत गेले. फाटकाजवळ एक म्हातारा गळ टाकून मासे धरत बसला होता. पाणी नितळ होतं. उर्सुला म्हणाली, "मेरी दादी बताती थीं, बचपन में वे नदी को देखकर जान जाती थीं कि आज कौन-सा रंग बन रहा है."

 पांडेसऱ्याच्या खाडीकडे बघून आमची पोरं आजही हेच सांगतात. मी विचारलं, मग तो रंग गेला कुठे? उर्सुला घड्याळ बघत फाटकाकडे वळली.

प्रयोगशाळेत पांढरे डगले घातलेल्या दोघा-तिघांनी नव्या रंगाचं पाणी तापवून ठेवलं होतं. पातेलीत रेयॉनची पट्टी फिरत होती. त्यांना दाखवावं, की आम्हीही काही कच्चे नाही, असं मला वाटलं. रंग कापडाला धरायला पाण्यात मीठ लागतं, आणि ते पुरेसं आहे की नाही हे आमच्याकडे मास्तर चाखून सांगतो, जसं घरी आमटी चाखतात. त्याला आम्ही चाखणी म्हणतो. दाजींसारखी चाखणी सबंध पांडेसऱ्यात कुणाची नाही. एक थेंब जिभेवर ठेवून ते सांगत, अजून दोन घमेली टाका. मी त्यांचा शिष्य. पळी उचलली, फुंकर मारली आणि जीभ लावली.

हातातली पळी कुणीतरी हिसकावली. एकजण फोनकडे धावला. दुसऱ्यानं मला नळाशी नेऊन चुळा भरायला लावल्या. उर्सुला पांढरीफटक पडून म्हणत होती, "कृपया थूकिए, कृपया थूकिए." मी म्हणालो, मीठ थोडं कमी आहे, एवढंच बघितलं. शेठ भिंतीला चिकटून उभे होते.

मला कारखान्याच्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हातारा, जाड भिंगांच्या चष्म्याचा. हा नवा रंग एवढा वाईट नाही, म्हणाला, पण असं कितीदा करता? मी म्हणालो, रोज, दिवसातून पाच-सात वेळा, बावीस वर्षं. त्यानं विचारलं, कोणते रंग? मी नावं सांगितली, काळा, लाल, तपकिरी, आणि ते कशापासून बनतात तेही सांगितलं, कारण तेवढं पिंपावर लिहिलेलं असतं. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. तो बराच वेळ उर्सुलाशी बोलला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "इन रंगों से मूत्राशय में गाँठ होती है. यहाँ के श्रमिकों को होती थी. वैद्य कहते हैं, यह बात उनके दादाजी के समय से ज्ञात है."

ते रंग तिथे कधीच बंद झाले. ज्यांनी ते एकदा हाताळले, त्यांची लघवी हा डॉक्टर दरवर्षी तपासतो, माणूस निवृत्त होऊन घरी बसला तरी बोलावून तपासतो. मग त्यानं मला विचारलं, आणि उर्सुलानं सांगितलं, "क्या आपके मूत्र में कभी रक्त आया?"

मी म्हणालो, आमच्याकडे सगळ्यांचीच रंगीत असते, कळणार कसं? हे बोलता बोलताच मला उंबऱ्यात बसलेले दाजी दिसले. मी निघायच्या आधीचे आठ दिवस मिलमध्ये काळ्याची पाळी चालू होती. लाल रंगाचं पिंप महिनाभर उघडलंच नव्हतं. मी खात्याचा मुख्य, हे मलाच सगळ्यात आधी माहीत असायला हवं होतं, आणि मी म्हणालो होतो, शेड पक्का दिसत नाही.

डॉक्टरच्या टेबलावरूनच फोन लावला. आमच्या नाक्यावरच्या एसटीडीवाल्यानं अक्काला बोलावून आणलं. मी म्हणालो, "अक्का, दाजीस्ले आजच दवाखानामा लई जाय. तो रंग नही शे." (दाजींना आजच दवाखान्यात ने. तो रंग नाही.) ती म्हणाली, "त्या तं कामवर ग्यात." (ते तर कामावर गेले.) मी ओरडलो, मग मिलमधून ओढून ने. दवाखान्यातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. बघू देत, म्हटलं.

दुपारी बैठक होती. विक्रीचा साहेब नव्या रंगांची पुस्तकं पसरून बसला होता. मी उर्सुलाला म्हणालो, जसंच्या तसं सांगा. तुम्हाला आजोबांच्या काळापासून ठाऊक होतं, तर आमच्या पिंपावर कुणी लिहिलं का नाही? तुम्ही बनवणं बंद केलं, मग ते बनवतंय कोण? साहेब सभ्यपणे म्हणाला, आम्ही फार पूर्वी बंद केलं, आता ते तुमच्याच देशात बनतात, तुम्ही तुमच्या सरकारला विचारा. तो खोटं बोलत नव्हता, म्हणून मला जास्त राग आला. त्यांच्या देशानं बंदी घातली तीही स्कार्फ गुंडाळणाऱ्या गळ्यांसाठी, ते रंगवणाऱ्या हातांसाठी नव्हे. मी हे म्हणालो. उर्सुलानं ते सांगितलं की नाही, ठाऊक नाही. तिचे डोळे भरले होते.

गाडीत शेठ म्हणाले, "भास्करभाई, आ लोको बीवडावे छे, मोंघो रंग वेचवा माटे." (महाग रंग विकायला घाबरवतात.) मी विचारलं, तुम्ही चाखाल का, आमच्या पिंपातलं, एक चमचा? बावीस वर्षांत मी शेठशी असं बोललो नव्हतो. ते खिडकीकडे वळून बसले आणि पिशवीतला थेपला काढून चावू लागले.

तर चिटणीस, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ती शहरं बँकांवर, मोटारींवर आणि रंगांवर श्रीमंत झाली, हे खरं आहे. त्या लोकांना कष्ट ठाऊक आहेत, शिस्त ठाऊक आहे, हेही खरं. पण रंगावर श्रीमंत होऊन त्यांनी हात धुतले, आणि ते धुवण आमच्या खाडीत आलं. आणि ते आम्ही घेतलं. शेठनी घेतलं, सरकारनं घेऊ दिलं, मी पळी घालून चाखलं आणि त्याला हुशारी म्हटलं. माझा राग कुणा एकावर असता तर बरं झालं असतं, निदान तिथे जाऊन भांडता आलं असतं.

परत आलो तो स्टेशनवरून थेट मोठ्या दवाखान्यात. अक्कानं त्याच दिवशी दाजींना ओढत नेलं होतं. डॉक्टरांनी आतून बघून गाठ आहे म्हणून सांगितलं, आणि ती जुनी आहे, असंही. ऑपरेशन व्हायचं होतं. पुढचं कुणी छातीठोक सांगत नव्हतं. आता मी मिलमध्ये रोज सकाळी सगळ्यांना लघवी तपासायला काचेच्या बाटल्या देतो आणि चाखणी बंद केली आहे. शेठ आडवे येत नाहीत. माणसं मात्र हसतात आणि विचारतात, "मास्तर, आज कोणता शेड?"

परत आलो त्या दिवशी दवाखान्यात दाजी खाटेवर पडून होते. हात साबणानं घासूनही काळेच. जर्मनीचं सगळं त्यांनी विचारून घेतलं, नदी केवढी, मिल केवढी, कामगार काय खातात. मग जवळ बोलावून म्हणाले, "का रे भास्कर, तठला मास्तर बी चाखतस का?" (तिथला मास्तरही चाखतो का?)

"नही, दाजी. तठे कोणीच चाखत नही."

त्यांना ते पटेना. कपाळाला आठ्या पडल्या. "मंग मीठ बरोबर शे का नही, त्यास्ले कसं समजस?" (मग मीठ बरोबर आहे की नाही, त्यांना कसं समजतं?)

तिथली यंत्रं मी बघितली होती, मीटर बघितले होते, ते सांगता आलं असतं. मी म्हणालो, "त्यास्ले सम्दं कवयनंच समजेल शे, दाजी." (त्यांना सगळं कधीचंच समजलेलं आहे.)

दाजींनी कौतुकानं मान हलवली. त्यांना वाटलं, मी मिठाबद्दल बोलतोय.